मिटणारी स्प्रिंग : एका जुन्या ऑफ-रोड तीनचाकीच्या पुढच्या फोर्कचे प्रकरण

गाडी आली तेव्हा मालकाच्या तक्रारी दोन होत्या. पहिली अशी की, पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन सरकत्या पायांच्या) स्प्रिंग फार मऊ झाल्या असून उडी उतरताना पुढून ठाणकन आवाज येतो आणि हादरा थेट मनगटात जातो. दुसरी अशी की, वळणावर हँडल वळवले तरी पुढचे चाक घसरत सरळच निघून जाते. पहिली तक्रार मऊ फोर्कची, तर दुसरी बहुतेक वेळा पुढून उंच आणि ताठ उभ्या राहणाऱ्या गाडीची असते. एकाच फोर्कबद्दल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, याचा उलगडा झाल्याखेरीज नव्या स्प्रिंग मागवण्यात अर्थ नव्हता.

ही तीनचाकी म्हणजे माल किंवा प्रवासी वाहणारे वाहन नव्हे. पुढे एक आणि मागे दोन फुगीर टायर असलेली, मोटरसायकलसारखे हँडल आणि बैठक असलेली, वाळू, चिखल आणि कच्च्या वाटांसाठी बनवलेली ही जात होंडाने 1970 मध्ये अमेरिकेच्या बाजारात यूएस-90 या नावाने आणली. पुढे तिचे नाव एटीसी-90 झाले. त्या पहिल्या गाडीला सस्पेन्शन नव्हतेच. धक्के सोसायचे काम कमी दाबाच्या फुगीर टायरांवर सोपवलेले होते. 1981 च्या एटीसी-250आर मध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन आले आणि या गाड्या उड्या मारण्याच्या लायकीच्या झाल्या. त्यानंतरची काही वर्षे त्यांच्या भरभराटीची होती. अपघातांच्या वाढत्या तक्रारींमुळे 1988 मध्ये उत्पादक आणि अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग यांच्यात न्यायालयात तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची तेथील विक्री थांबली. आज हातात येणारी प्रत्येक गाडी त्या काळातली आहे, आणि तिचा फोर्क आजवर किती जणांनी उघडला असेल याची खात्री देता येत नाही.

प्रस्तुत गाडी 1980 च्या दशकाच्या मध्यातली, हवेने थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाची, पुढे दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क आणि मागे एकच शॉक असलेली होती. पुढचे सर्व आकडे या एकाच गाडीवर आणि एकाच स्वारावर घेतलेले असल्यामुळे मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की आकडे जसेच्या तसे उचलले जातात.

तीनचाकीत फोर्कला मोटरसायकलपेक्षा एक जबाबदारी जास्त असते. मागची दोन्ही चाके एकाच अखंड धुऱ्यावर घट्ट बसलेली असतात आणि मध्ये डिफरन्शियल नसते, म्हणजे वळणात आतले आणि बाहेरचे चाक एकाच वेगाने फिरायला बांधलेले असते. असा धुरा गाडीला सतत सरळ ढकलत राहतो. त्याच्याविरुद्ध गाडी वळवायला पुढचा एकच टायर असतो. स्वार अंग आत टाकतो आणि बाहेरच्या पायावर भार देऊन मागचे आतले चाक हलके करतो खरा, पण पुढच्या टायरवर भार नसेल किंवा तो जमिनीवरून वारंवार उचलला जात असेल, तर अंग टाकूनही गाडी वळत नाही. त्यामुळे या गाडीचा फोर्क जसा धक्के खातो, तसाच सुकाणूही चालवतो.

केबल टायने दिलेली विसंगत साक्ष

फोर्क किती दबतो हे पाहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चकचकीत दांडीवर, धूळ-सीलला टेकवून, प्लास्टिकचा एक पातळ टाय बांधणे. फोर्क दबला की सील त्याला वर सरकवते आणि फोर्क परतला तरी टाय जिथे गेला तिथेच राहतो. मालकाने हा टाय आधीच बांधलेला होता आणि त्यावरून तो गोंधळला होता. या फोर्कची एकूण चाल, म्हणजे पूर्ण उघड्या स्थितीपासून पूर्ण दबलेल्या स्थितीपर्यंतचे अंतर, स्प्रिंग काढून मोजले तेव्हा 180 मिमी भरले. टाय मात्र कितीही मोठ्या उडीनंतर 146-147 मिमीच्या पलीकडे कधीच गेला नव्हता. म्हणजे ठाणकन आवाज येत होता, हादरा बसत होता, आणि तरीही 34 मिमी चाल न वापरता शिल्लक राहत होती.

फोर्क खरोखर तळाला लागत असता तर टाय 180 च्या आसपास पोहोचला असता. स्प्रिंग पुरेशी ताठ असल्यामुळे तो 146 ला थांबत असता, तर कधी 130, कधी 140, कधी 150 असा थांबला असता आणि आवाज आला नसता. दर वेळी नेमक्या एकाच जागी, आवाज करून थांबणे याचा अर्थ तिथे काहीतरी धातूला धातू लागत होते.

वरची टोपी उघडल्यावर उत्तर दिसले. कारखान्याचा 60 मिमी लांबीचा स्पेसर (स्प्रिंग आणि टोपी यांच्यामधली जागा भरणारी नळी) काढून त्या जागी प्लास्टिकच्या पाइपचा 100 मिमीचा तुकडा घातलेला होता. पूर्वी कोणीतरी, बहुधा ‘स्प्रिंग थोडी कडक करू’ म्हणून, प्रीलोड, म्हणजे भार येण्यापूर्वीच स्प्रिंगला दिलेला दाब, 40 मिमीने वाढवला होता. स्प्रिंग बाहेर काढून पुसल्या आणि उजेडात तिरक्या धरल्या, तेव्हा मधल्या वेढ्यांच्या एकमेकांसमोरच्या बाजूंवर अरुंद, आरशासारखे चकाकणारे पट्टे दिसले. बाकीची तार तेलाने काळपट होती. हे पट्टे वेढ्यावर वेढा आपटून पडतात. स्प्रिंग पूर्ण मिटत होती, आणि एकदा मिटली की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडी नळी होते.

हिशेब साधा आहे. तारेची जाडी व्हर्नियरने 4.2 मिमी, एकूण वेढे पावणेसदुसष्टच्या जवळपास, म्हणून मिटलेल्या स्प्रिंगची लांबी सुमारे 280 मिमी. फोर्कच्या आत, पूर्ण उघड्या स्थितीत, स्प्रिंग आणि स्पेसर मिळून 526 मिमी जागा होती. 100 मिमीचा स्पेसर घातल्यावर स्प्रिंगच्या वाट्याला 426 मिमी उरले. 426 वजा 280 बरोबर 146. टायने तोच आकडा सांगितला होता. कारखान्याच्या 60 मिमी स्पेसरसह हीच वजाबाकी 186 येते, म्हणजे 180 च्या चालीला 6 मिमीचा मोकळेपणा होता. तो फार नव्हता, पण होता. 40 मिमीने लांब असलेल्या पाइपने तो संपवून वर 34 मिमी चाल खाल्ली.

स्प्रिंग ‘थकते’ म्हणजे काय

दोन्ही स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली तेव्हा डावी 490 आणि उजवी 486 मिमी भरली. दोन्ही मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा आखूड होत्या. ‘इतक्या वर्षांत स्प्रिंग मऊ पडल्या’ हे वाक्य या क्षेत्रात रोज ऐकू येते आणि ते जवळजवळ नेहमीच ढिले असते. स्प्रिंगची ताठरता ठरते तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा मूळ गुणधर्म यांवरून. वर्षे लोटल्याने यांतले काहीच फारसे बदलत नाही, तार गंजून बारीक झाली नसेल तर. स्प्रिंग वयाने आखूड होते, आणि आखूड झाल्यामुळे तिचा प्रीलोड कमी होतो. म्हणून गाडी बसलेली दिसते. लांबीच गमावली असेल तर स्पेसर हा उपाय ठरतो. ताठरताच मुळात अपुरी असेल तर स्पेसरने काहीही साधत नाही. या गाडीत कोणती गोष्ट खरी आहे, हे मोजूनच ठरवायचे होते.

ताठरता मोजण्यासाठी ड्रिल मशीनचा स्टँड, मोटर बंद ठेवून, दाब देण्यासाठी वापरला. खाली वजनकाटा ठेवला आणि इतकी लांब स्प्रिंग बाजूला वाकू नये म्हणून तिला एका गुळगुळीत दांडीवर ओवले. 50 मिमी दाबल्यावर काटा 14 किलो दाखवत होता, 100 मिमीला 28 किलो. दोन्ही स्प्रिंगचे वाचन जवळजवळ सारखे आले आणि दोन्ही ठिकाणी दर एकच निघाला, म्हणजे स्प्रिंग सरळ रेषेतली होती, दाबत जावे तशी अधिक ताठ होणारी नव्हती. ताठरता ठरली 0.28 किलो प्रति मिमी.

मग गाडीचे वजन. पुढचे चाक काट्यावर आणि मागची चाके काट्याइतक्याच उंचीच्या फळ्यांवर घेतली. हा समतलपणा चुकला तर पुढचे वजन चुकते. स्वाराविना पुढे 52 किलो, आणि सर्व संरक्षक पोशाखासह 92 किलोचा स्वार बसल्यावर 80 किलो. यातून चाक, टायर, ब्रेक आणि फोर्कचे खालचे पाय यांचे सुमारे 14 किलो वजा करायचे, कारण ते स्प्रिंगच्या खाली असते आणि स्प्रिंगवर भार टाकत नाही. उरलेले 38 आणि 66 किलो. फोर्क उभ्या रेषेपासून 25 अंश कललेला असल्यामुळे त्याच्या अक्षावर येणारा भाग सुमारे नऊ-दशांश धरला आणि दोन पायांत वाटला. प्रत्येक पायावर स्वाराविना 17 किलो आणि स्वारासह 30 किलो, असे ढोबळ आकडे मिळाले.

आता सॅग. गाडी आपल्या भाराने किती बसते हे मोजण्यापूर्वी पुढच्या टायरचा दाब ठरवून घेतला, कारण या फुगीर टायरांत दाब 2 ते 4 पीएसआय इतकाच असतो आणि तो स्वतःच एक मोठी, दबणारी पण उसळी न आवरणारी स्प्रिंग असतो. एका पीएसआयच्या फरकाने गाडीची चाल बदलते. फोर्क घर्षणाने अडकतो, म्हणून प्रत्येक वाचन दोनदा घेतले, एकदा गाडी हलकेच दाबून सोडून आणि एकदा हलकेच उचलून सोडून, आणि दोहोंची सरासरी धरली. आलेल्या अवस्थेत, 100 मिमीच्या पाइपसह, मोकळा (स्वाराविना) सॅग जवळजवळ शून्य होता आणि स्वारासह 38 मिमी. कारखान्याचा 60 मिमी स्पेसर परत घातल्यावर मोकळा 34 आणि स्वारासह 71.

स्वारासह 38 मिमी हा आकडा एकटा पाहिला तर कोणीही समाधानाने मान डोलावेल. 180 च्या चालीत तो एकवीस टक्के होतो. थोडा कमी, पण वाईट दिसत नाही. मोकळ्या सॅगचे शून्य मात्र सगळे उघड करते. स्प्रिंगवर आधीच इतका दाब बसवला होता (62 मिमी गुणिले 0.28, म्हणजे 17 किलोपेक्षा थोडा जास्त) की गाडीच्या स्वतःच्या वजनाने फोर्क हलतच नव्हता. खड्डा आला की चाकाने खाली उतरून जमीन धरायची असते. त्याला उतरायला पुरेशी जागा नव्हती. फोर्क उघडून टोकाला लागत होता आणि टायर हवेत. वळणावर पुढचे चाक सरळ निघून जाण्याची तक्रार इथे सुटली. म्हणजे वरच्या टोकाला फोर्क अवाजवी ताठ होता आणि खालच्या टोकाला नळीसारखा कठीण. मधल्या पट्ट्यात मात्र तो मऊच होता, आणि मालकाचा हात त्याला मऊ म्हणत होता तो त्या मधल्या पट्ट्यामुळे. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

किती ताठ

कारखान्याच्या मूळ मांडणीत स्वारासह 71 मिमी सॅग म्हणजे चालीचे एकोणचाळीस टक्के. ऑफ-रोड वापरासाठी 30 टक्क्यांच्या आसपास सामान्यतः योग्य मानतात. आम्ही स्वारासह 54 आणि मोकळा 25 मिमी हे उद्दिष्ट ठेवले. हे दोन आकडे ठरले की ताठरता आणि प्रीलोड दोन्ही आपोआप ठरतात, आणि म्हणूनच दोन्ही सॅग मोजायचे. स्वाराने प्रत्येक पायावर सुमारे 13 किलो वाढतात. ते 29 मिमीत सामावायचे. त्यातला थोडा भार फोर्कमध्ये कोंडलेली हवा उचलते. तिचा वाटा वजा केल्यावर स्प्रिंगसाठी 0.38 किलो प्रति मिमी निघाले आणि प्रीलोड 18 मिमीच्या जवळ.

या निवडीचा परिणाम चालीच्या दोन्ही टोकांना तपासून पाहिला. मूळ स्प्रिंग, 22 मिमी प्रीलोडसह, उघड्या टोकाला 6 किलो आणि दबलेल्या टोकाला साडेछप्पन्न किलो जोर देत होती. नवी स्प्रिंग, 18 मिमी प्रीलोडसह, उघड्या टोकाला पावणेसात किलो देणार आणि दबलेल्या टोकाला 75. लहान खडे आणि चाकोऱ्यांवर फोर्क पूर्वीसारखाच सहज हलणार, आणि उडी उतरताना एक-तृतीयांश जोर जास्त मिळणार. पाइपच्या तुकड्याने उलटे झाले होते: चालीत कुठेही असले तरी तोच 11 किलोंचा वाढीव जोर, जिथे नको तिथेही.

जुनीच स्प्रिंग कापून ताठ करावी, हा सल्ला अनेक जण देतात, म्हणून त्याचाही हिशेब कागदावर केला. वेढे कमी केले की स्प्रिंग ताठ होते हे खरे आहे. 65 कामाच्या वेढ्यांपैकी 17 कापले तर ताठरता 0.38 ला पोहोचते. पण मग उरलेल्या वेढ्यांत मिळून केवळ 153 मिमी दबण्याची जागा राहते, आणि चाल 180 ची आहे. म्हणजे प्रीलोड शून्य ठेवला तरी स्प्रिंग मिटणारच. आपण ज्या रोगावर उपचार करत होतो तोच रोग वेगळ्या हत्याराने परत आणला असता.

ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, आणि हे माहीत असूनही प्रत्येक वेळी त्याचे आश्चर्य वाटते. 4.2 मिमीच्या जागी 4.5 मिमी तार घेतली की, बाकी सगळे तसेच ठेवून, स्प्रिंग बत्तीस टक्के ताठ होते. तीन-दशांश मिमी, जो फरक बोटांना कळतही नाही. बाहेरचा व्यास फोर्कच्या नळीत बसायलाच हवा म्हणून तोच ठेवला. त्यामुळे वेढ्याचा मध्यव्यास किंचित घटला आणि उरलेले काही टक्के तिथून मिळाले. वेढे 67, पैकी कामाचे 65. मिटलेली लांबी 301.5 मिमी. मोकळी लांबी 512 मागितली, म्हणजे 32 मिमी स्पेसरसह स्प्रिंगला 494 मिमी जागा मिळते, पूर्ण दबल्यावर ती 314 होते, आणि मिटायला साडेबारा मिमी शिल्लक राहतात. मूळ मांडणीतल्या 6 मिमीच्या दुप्पट. स्प्रिंग बनवणाऱ्याला आम्ही ताठरता, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि ‘इतक्या लांबीपर्यंत न मिटता दबली पाहिजे’ असा चौथा आकडा लिहून दिला. हा चौथा आकडा बहुतेक लोक देत नाहीत.

दाबत गेल्यावर ताठ होत जाणाऱ्या स्प्रिंग घ्याव्यात का, हा प्रश्न मालकाने विचारला होता. मला त्या या कामासाठी पटत नाहीत. फोर्कमधली कोंडलेली हवा शेवटच्या तिसऱ्या भागात तसेही ताठरपण वाढवत असते आणि तिचे प्रमाण तेलाची पातळी बदलून हवे तसे करता येते. स्प्रिंगचे वेढे मात्र एकदा वळले की वळले.

तेल, हवा आणि माझी एक चूक

नव्या स्प्रिंग आल्यावर आधी त्यांचीच ताठरता त्याच स्टँडवर मोजली: एक 0.38, दुसरी किंचित कमी. एकीच्या टोकाला घासणीची धारदार कड राहिली होती. ती कानशीने मोडली, नाहीतर तिने नळीच्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढून तेलात चुरा केला असता. दांड्या व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) फिरवून सरळ असल्याची खात्री केली, बुश आणि सील नवे घातले. टोपी उघडताना वरचा क्लॅम्प आधी सैल करायचा, टोपीचा पहिला आटा फोर्क गाडीवर असतानाच सैल करायचा, पुढचे चाक अधांतरी ठेवायचे आणि चेहरा कधीही टोपीच्या रेषेत आणायचा नाही. 62 मिमी दाबलेल्या स्प्रिंगने टोपी कशी उडते हे या गाडीवर पाहायला मिळाले असते. आम्ही वर कापड आणि हाताचा भार ठेवूनच ती सोडली.

तेलाची पातळी मोजण्याची रीत अशी: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, पाय हळूहळू वरखाली करून हवा काढलेली, आणि नळीच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर मोजायचे. पूर्वी 200 मिमी अंतर ठेवलेले होते, मीही तेच ठेवले. पहिल्याच चाचणीत आवाज नाहीसा झाला, सॅग मनासारखे आले, पण टाय सर्वांत कठीण उडीलाही 162 मिमीच्या पुढे गेला नाही आणि शेवटचा पल्ला लाकडासारखा वाटला. स्प्रिंगला दोष देण्याचा मोह झाला. मग ध्यानात आले की, जाड तारेची स्प्रिंग स्वतःच जास्त जागा व्यापते. जुन्या स्प्रिंगमधल्या पोलादाचे आकारमान सुमारे 75 घनसेंमी, नव्या स्प्रिंगचे 85. पातळी स्प्रिंग बाहेर ठेवून मोजलेली असल्यामुळे ते वाढीव 10 घनसेंमी हवेच्या जागेतून वजा झाले होते, जणू मी तेल 12 मिमीने वाढवले होते. हवेची पोकळी लहान झाली की दबताना तिचा जोर शेवटी झपाट्याने चढतो. पातळी आधी 12 आणि मग एकूण 20 मिमीने खाली नेली. त्याच उडीला टाय 168 वर थांबला. 180 पैकी 168 हे मला योग्य वाटते; त्याहून वाईट उडीसाठी बारा मिमी उरतात.

टोपीवर हवा भरण्याची झडपही होती. तिच्यातला दाब शून्यावर ठेवला. त्या काळात तिचा उपयोग ताठरपणा वाढवायला केला जाई, पण वाढीव दाब सीलला दांडीवर घट्ट आवळतो, घर्षण वाढवतो आणि लहान धक्के हातापर्यंत पोहोचवतो.

तेल हा प्रश्न वेगळाच होता. आधीच्या कोणीतरी मऊपणावर उपाय म्हणून ‘20’ असे लिहिलेले जाड तेल भरले होते. सलग उंचवट्यांच्या वाटेवर त्याचा परिणाम दिसे: पहिल्या उंचवट्याला फोर्क दबायचा, जाड तेलामुळे पूर्ण परतायच्या आत दुसरा यायचा, तिसऱ्याला फोर्क जवळजवळ अर्धा मिटलेलाच असायचा आणि मग आवाज. स्प्रिंग मिटण्याच्या जागी पोहोचायला तेलही मदत करत होते. पण ताठ स्प्रिंगला परतताना जास्त आवर लागतो हेही खरे. गरज ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 36 टक्के ताठ स्प्रिंगला सुमारे 17 टक्के जास्त. ‘10’ च्या तेलाने उंचवट्यानंतर पुढचा भाग उसळला. ‘15’ च्या तेलाने शांत झाला. हे आकडे एका कंपनीच्या बाटल्यांपुरतेच खरे मानावेत, कारण दोन कंपन्यांचे ‘15’ सारखे पातळ नसते. 40 अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये दिलेली चिकटता तुलनेसाठी पाहावी.

जोडणी करताना शेवटची गोष्ट अशी की, चाकाचा धुरा घट्ट केल्यावर खालच्या पायाचा एक क्लॅम्प सैल ठेवून फोर्क बऱ्याचदा दाबला आणि मगच आवळला. दोन्ही पाय समांतर बसले नाहीत तर फोर्क घर्षणाने अडकतो, आणि मग सॅगचे सगळे आकडे खोटे ठरतात.

वळणावर

अंतिम मोजणीत मोकळा सॅग 25 आणि स्वारासह 55 मिमी आला. आलेल्या अवस्थेच्या तुलनेत स्वारासह पुढचा भाग 17 मिमी खाली बसला. मालकाला हे उलटे वाटले, कारण त्याने ताठ स्प्रिंग मागितल्या होत्या आणि गाडी खाली आली होती. पण पहिल्याच वळणावर त्याला फरक कळला: अंग आत टाकले की पुढचा टायर जमीन धरून राहत होता आणि गाडी हँडलमागे येत होती. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग पूर्वीसारखा कोसळत नव्हता, त्यामुळे ब्रेक मारतच वळणात शिरताना हँडल अचानक हलके होणेही थांबले.

पुढचा भाग जागेवर आल्यावर मागचा उंच वाटू लागला. मागच्या शॉकचा प्रीलोडही, पुढच्या पाइपच्या तुकड्याशी जुळवायला म्हणून, कोणीतरी पूर्ण आवळून ठेवला होता. तो चार फेरे सोडल्यावर मागेही स्वारासह चालीच्या तीस टक्क्यांच्या जवळ सॅग मिळाला. सैल वाळूत थोडेसे सरळ निघून जाणे अजून शिल्लक होते. पुढच्या टायरचा दाब अर्धा पीएसआय कमी केल्यावर तेही गेले. काही आठवड्यांनी गाडी परत आली तेव्हा टोप्या उघडून स्प्रिंग बाहेर काढून पाहिल्या. तार सगळीकडे सारखीच तेलकट काळसर होती आणि वेढ्यांवर कुठेही चकाकणारा पट्टा नव्हता.